घरून वैद्यकीय शिक्षण घेताना शरीर आणि मन कसं जपावं

कॉलेज सुरू असताना आपण दिवसभरात किती चालतो, हे कुणी मोजत बसत नाही. हॉस्टेलवरून लेक्चर हॉल, तिथून डिसेक्शन म्हणजे शवविच्छेदन, मग वॉर्ड, आणि राउंडला तर तासन्‌तास उभं राहायचं. लेक्चर्स लॅपटॉपवर आली की ही सगळी चाल एका फटक्यात जाते आणि आपण मात्र व्यायामाला वेळ मिळत नाही म्हणून हळहळतो. माझं म्हणणं असं, की आधी ही गेलेली चाल परत आणा. बाकीचा व्यायाम त्यानंतर.

१. बैठक मोजा. दोन दिवस फक्त एवढंच लिहा: किती वाजता बसलो, किती वाजता उठलो. सलग तीन-तीन तास सापडले तर दचकू नका, पण ते तिथेच तोडायचे आहेत.

२. दोन लेक्चरांच्या मध्ये उठाच. खुर्चीमागे उभं राहून २० वेळा टाचा उचला. पोटरीचे स्नायू आवळले की पायातल्या शिरांमधलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं, हे आपण पहिल्या वर्षाला पाठ केलेलं असतं. मग घरात दोन फेऱ्या मारा. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि ती सलग किमान १० मिनिटं असावी ही जुनी अट काढून टाकली आहे. म्हणजे तुमच्या पाच-पाच मिनिटांच्या झपाझप फेऱ्याही हिशेबात धरल्या जातात.

३. पाठांतर चालता चालता करा. मला सगळ्यात उपयोगी वाटते ती हीच पायरी, कारण यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं घ्या. खोलीच्या एका टोकाला सी५ ते टी१ अशी पाच मुळं म्हणा, दुसऱ्या टोकाला तीन ट्रंक, परत फिरताना सहा डिव्हिजन, मग तीन कॉर्ड. अडलात तर वही उघडू नका, आणखी एक फेरी मारा आणि आठवून बघा. रेकॉर्ड केलेलं लेक्चर दुसऱ्यांदा ऐकायचं असेल तर तेही कानात लावून चाला. हिस्टॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींच्या) स्लाइड आणि ईसीजी मात्र बसूनच. तिथे डोळे हवेत.

४. नाडीवर बोट ठेवा. चाल पुरेशी जोरात आहे का? मनगटावर १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. २२० वजा वय हा कमाल गतीचा ढोबळ अंदाज आहे. वीस वर्षांच्या माणसाला (कमाल २००) मध्यम श्रमात मिनिटाला साधारण १२८ ते १५२ ठोके पडतात. मोजायचा कंटाळा आला तर सोपी खूण: बोलता येतं, पण गाता येत नाही.

आठवड्यातून दोन दिवस बैठका आणि जोर काढा, म्हणजे स्नायूंचंही काम होईल.

५. रुग्ण नाहीत, तर मित्राला रुग्ण करा. घरी बसून सगळ्यात जास्त टोचतं ते हे: ‘वॉर्ड नाही, पेशंट नाही, मग मी डॉक्टर होणार कसा?’ ही भीती एकट्याने गिळू नका. रोज ठरल्या वेळी एका मित्राला किंवा मैत्रिणीला फोन लावा. त्याने छातीत दुखणारा रुग्ण व्हायचं, तुम्ही हिस्ट्री घ्यायची, म्हणजे त्याच्या दुखण्याची सगळी माहिती विचारायची. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. फोनवर बोलताना दोघांनीही चालायचं. शेवटची पाच मिनिटं अभ्यास बाजूला ठेवून ‘झोप लागते का, जेवलास का’ हे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

६. स्वतःलाही तपासा. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. ती प्रामाणिकपणे भरा. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. चालण्याने बरं वाटेल म्हणून वाट पाहू नका. आपल्याकडे कुणी कमकुवत समजेल या धाकाने विद्यार्थी गप्प राहतात, आणि त्यात मोलाचे आठवडे जातात. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काहीही असेल, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.