इंग्रजी राजकीय शब्दाचं मूळ कसं शोधावं

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या फळ्यावर मी मोठ्या दिमाखात लिहिलं होतं: न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांकडून येते ती बातमी. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त मास्तरांनी खाली खडूने प्रश्न टाकला, ‘जुन्या पुस्तकांत हे स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं असतं. ती पाचवी दिशा कुठली?’ मी गप फळा पुसला. न्यूज हे ‘न्यू’चं अनेकवचन, म्हणजे नव्या गोष्टी, बस्स.

तेव्हापासून एक वही ठेवली आहे. निवडणुकीच्या दिवसांत पेपरातला एकेक शब्द घेऊन तुम्हीही हे करू शकता. वहीत तीन रकाने आखा: मूळ भाषा आणि तिथला अर्थ, इंग्रजीत पहिल्यांदा कधी दिसला ते साल, आणि लोक त्याबद्दल जी गोष्ट सांगतात ती. गोष्ट मुद्दाम शेवटच्या रकान्यात. ती आधी वाचली की ती खरी वाटायला लागते.

पहिला शब्द ‘कँडिडेट’ घ्या. डग्लस हार्पर यांचा एटिमऑनलाइन हा मोफत कोश उघडला की लॅटिन ‘कँडिडाटस’ मिळतो: पांढरी वस्त्रं घातलेला. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस आपला टोगा खडूने घासून पांढराशुभ्र करून चौकात फिरायचा. इथे थांबू नका, मुळाच्या इतर फांद्याही बघा. ‘कँडिडस’ म्हणजे लख्ख पांढरं. त्याच घरातले ‘कँडिड’ आणि ‘कँडल’. आणि उमेदवार मतं मागत जो फेरा मारायचा तो ‘अँबिटिओ’, शब्दशः इकडेतिकडे फिरणं. त्यातून ‘अँबिशन’ आला. मतांसाठी लाच देण्याच्या गुन्ह्याला रोमन कायद्यात ‘अँबिटस’ म्हणत, तोही याच फेऱ्यातला. एका शब्दामागे गेलात की सगळी प्रचारफेरी हाती लागते ती अशी.

आपले पुढारीही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत फिरतात, म्हणून लगेच रोमशी नातं जोडू नका. ती पांढरी खादी स्वदेशीच्या चळवळीतून आली. असा जुळून आलेला योग मोहात पाडतो, पण पुरावा म्हणून त्याला काही किंमत नाही. आपला ‘उमेदवार’ तर वेगळ्याच वाटेने आलाय: फारसी ‘उमेद’, म्हणजे आशा, ती बाळगणारा. मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा कोश नेटवर फुकट मिळतो, आणि त्यात फारसीतून आलेल्या शब्दांपुढे तशी खूणही असते.

आता सालाचा रकाना. हाच सगळ्यात कामाचा. ‘लॉबी’बद्दल हमखास सांगितली जाणारी गोष्ट अशी: अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलच्या लॉबीत सिगार ओढत बसायचे, कामं करून घेणारे तिथे त्यांना गाठायचे, म्हणून ते लॉबिस्ट. छान आहे. पण ग्रँट अध्यक्ष झाले १८६९ मध्ये, आणि आमदारांभोवती घुटमळणाऱ्यांसाठी हा शब्द त्याआधी कित्येक दशकं छापला जात होता. नातू आजोबांच्या आधी जन्मत नाही. गोष्टीवर काट.

शब्द एखाद्या माणसाच्या नावावरून आला असेल तर मात्र साल आणि गोष्ट बहुतेक जुळतात, कारण घटना वर्तमानपत्रांत नोंदलेली असते. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी. १८८० मध्ये कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरती मिळाली नाही, उलट घरं खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या. कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीग या संघटनेच्या लोकांनी त्याला हातही लावला नाही. फक्त मजूर शेतावर येईनात, दुकानदार माल देईना, घरचे नोकर निघून गेले. शेवटी बटाटे आणि सलगम काढायला सुमारे ५० मजूर बाहेरून आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला जवळजवळ हजारभर सैनिक. वर्ष संपायच्या आत बॉयकॉटने आयर्लंड सोडलं. आडनाव क्रियापद होऊन मागे राहिलं. आपल्याकडे ‘वाळीत टाकणं’ त्याच्या आधीपासूनचं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात हा कारभारी अजून बसलेला आहे.

‘जेरीमँडर’, म्हणजे आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा आखणं, हाही असाच. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ मध्ये आपल्या पक्षाच्या सोयीच्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ नकाशावर असा वेडावाकडा पसरला होता की बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला पंख-नखं काढून पालीसारखा सॅलमँडर केला. ते स्वतःला ‘गेरी’ म्हणवायचे, शब्दाने त्यांचा ‘जेरी’ केला.

मूळ सापडलं की एक चूक हटकून होते, विशेषतः भाषणांत. ‘मिनिस्टर’ म्हणजे लॅटिनमध्ये सेवक. बरोबर आहे. ‘मायनस’मधलं कमीपण त्यात आहे, जसं ‘मास्टर’मागच्या ‘मॅजिस्टर’मध्ये जास्तपण. पण म्हणून मिनिस्टरचा ‘खरा’ अर्थ सेवक, असं म्हणता येत नाही. शब्दाचा अर्थ आज लोक ज्या अर्थाने तो वापरतात तोच. नाहीतर ग्रीकमध्ये ‘इडिओटेस’ म्हणजे सार्वजनिक कामात नसलेला खासगी माणूस, तेव्हा राजकारणापासून लांब राहणाऱ्या प्रत्येकाला इडियट म्हणावं लागेल.

सुरुवातीला सोपे शब्द घ्या. ‘बॅलट’ म्हणजे मतदानाची छोटी गोळी, इटालियनमधून आलेली. ‘व्हेटो’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी मना करतो’. ‘पोल’ म्हणजे डोकं. आपण शिरगणती म्हणतो त्यातलंच शिर. ‘बजेट’ फ्रेंच चामडी पिशवीतून निघालं, आणि १७३३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान वॉलपोल यांच्या करयोजनेची टिंगल करणाऱ्या एका पत्रकात ते ‘उघडलं’ गेलं. आपल्या अर्थमंत्र्यांनी २०१९ मध्ये चामडी बॅग सोडून लाल कापडातली वही आणली. पिशवी गेली, शब्द राहिला.

आणि रकाना कोरा ठेवायची लाज वाटू देऊ नका. ‘कॉकस’ घ्या, म्हणजे पक्षाच्या किंवा गटाच्या लोकांची आपसात ठरवाठरवी करायची बैठक. जॉन अॅडम्स यांच्या १७६३ च्या रोजनिशीत बोस्टनच्या अशा क्लबचा उल्लेख आहे, म्हणून साल लिहिता येतं. मुळाबद्दल कुणी मूलनिवासींच्या अल्गोंक्वियन भाषेतला सल्लागार सांगतं, कुणी दारूचा ग्रीक पेला. दोन्हीला धड पुरावा नाही. माझ्या वहीत तिथे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह आहे.