जखम आधी धुवा, औषधाची बाटली नंतर उघडा

खडपावर कालवं काढताना पाय कापतो, जांभ्याच्या गडग्यावरून घसरून गुडघा सोलवटतो, नाहीतर कोयता बोटावर येतो. किनाऱ्यावरच्या घरांत जखमा बहुतेक अशाच होतात, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी धावत जाऊन बाटली आणतं व औषध थेट जखमेत ओततं. कृपा करून हे थांबवा. अँटिसेप्टिक जिवंत कातडीवरचे जंतू मारतं किंवा त्यांची वाढ रोखतं. वाळू, माती, शेवाळ बाहेर काढणं हे त्याचं काम नाही. उलट आयोडीनसारखं औषध रक्तात आणि घाणीतच खर्ची पडतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका.

आता धुणं. सगळी कसोटी इथेच आहे. नळाचं स्वच्छ पाणी चालतं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं असेल तर उकळून गार केलेलं घ्या. नुसतं ओलं करून भागत नाही, पाण्याला जोर हवा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडा आणि बाटली दाबून धार थेट जखमेत सोडा. पाच-दहा मिनिटं तरी सोडा. साबण आजूबाजूच्या कातडीला लावा, आत नको.

जांभ्याची कच फसवी असते. ती रक्तासारखीच लालसर, त्यामुळे जखम स्वच्छ दिसते आणि कण मात्र आतच राहतात. टॉर्च तिरका धरून बघा. सोललेल्या कातडीची पापडी असेल तर ती हलकेच उचलून तिच्याखाली धार मारा. कालवाच्या कवचाचे तुकडे हमखास तिथेच अडकतात. दिसणारा कण उकळलेल्या चिमट्याने काढा. खोल रुतलेलं काही असेल तर उकरू नका, दवाखाना गाठा.

मला सुरुवातीला हेच जमत नसे. समोरचा कळवळला की हात आखडायचा आणि धुणं अर्धवट राहायचं. यावर उपाय सापडला तो असा: बाटली ज्याला लागलंय त्याच्याच हातात द्यायची. स्वतः धार सोडणारं पोर कमी रडतं आणि जास्त वेळ धुतं.

‘समुद्राच्या पाण्याने जखम भरते’ हे ऐकूच नका. कोमट खाऱ्या पाण्यात, विशेषतः खाडीत, व्हिब्रिओ जातीचे जंतू असू शकतात. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना ते जिवावर बेतू शकतात. काही तासांत लाली पसरली, फोड आले, ताप भरला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा.

जखम स्वच्छ झाल्यावर औषध. घरात पोव्हिडोन आयोडीन ठेवा, माझं मत पक्कं आहे. पातळ थर लावा आणि दोन मिनिटं वाळू द्या. थायरॉईडचा त्रास, गरोदरपण, आयोडीनची अ‍ॅलर्जी किंवा तान्हं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डेटॉल, सॅव्हलॉन कधीही तसंच ओतू नका. बाटलीवर जखमेसाठी दिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळा. जास्त झोंबलं म्हणजे जास्त गुण, हा समज फार जुना आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगोत कार्बोलिक अ‍ॅसिडने जखमा सडण्यापासून वाचवल्या, पण ते औषध कातडीही भाजायचं. आज सौम्य औषधं असताना ती आग सोसायचं कारण नाही.

स्पिरिट अखंड कातडीसाठी, उघड्या जखमेत नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस म्हणजे घाण बाहेर येणं नव्हे. रक्तातल्या आणि पेशींतल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तो येतो, आणि त्यात नव्या पेशीही मरतात. फिनेल लादीसाठीच. हळद, कॉफी, चुना, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नका. डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं आणि दुखणं दुप्पट होतं.

वर गॉज, पट्टी. रोज बदला, भिजली तर लगेच.

लावणीच्या दिवसांत उघडी जखम घेऊन चिखलात उतरू नका. उंदरांच्या मुतातले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू अशाच जखमेतून शिरतात, आणि त्यांना बाहेरून लावलेलं कोणतंही औषध अडवत नाही. उतरावंच लागलं तर गमबूट घाला. नंतर ताप आला तर शेतात होतो हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा.

शिंगाळा माशाचा काटा घुसला असेल तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा. काट्याची, खिळ्याची जखम वरून लहान आणि आत खोल असते. धनुर्वाताच्या जंतूला अशीच हवा न पोचणारी जागा लागते. शेवटची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील, किंवा कधी घेतली ते आठवतच नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घ्या.