इंकांचा डोंगरी किल्ला पाहायचा कसा

पेरूमधल्या साक्सायवामान या इंका साम्राज्याच्या किल्ल्यावर पोचल्यावर जो तो आधी मोठ्या दगडांपाशी धावतो. शंभर टनांहून जड चिरे आहेत तिथे, नजर खिळणारच. पण किल्ला समजून घ्यायचा असेल तर आधी उत्तरेच्या मोकळ्या मैदानात जा आणि हल्लेखोराच्या जागी उभे राहा. दक्षिणेचा तीव्र उतार थेट कुस्को या इंकांच्या राजधानीवर उतरतो. तिकडून फौज चढवणं अवघड. म्हणून सगळा जोर या बाजूला आहे: करवतीच्या दात्यांसारखे वळत गेलेले, एकावर एक चढते तीन तट.

आता तटाच्या आत गेलेल्या एखाद्या कोनात शिरा. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. तुम्ही एका भिंतीला भिडलात की दुसरीवरच्या माणसाला तुमची बगल उघडी. इंकांच्या हातात गोफण असायची, हे इथे सतत ध्यानात ठेवा. १५३६ मध्ये इंकांनी कुस्कोतल्या स्पॅनिशांना वेढा घातला, तेव्हा हा किल्ला इंकांकडून घेताना स्पॅनिश सरदार हुआन पिसारो डोक्यात दगड बसूनच मेला. आधीच्या जबड्याच्या जखमेमुळे त्याला शिरस्त्राण घालता आलं नव्हतं. स्पॅनिश शेवटी शिड्या लावून वर चढले.

इक्वादोरमधल्या पांबामार्काच्या डोंगरांवर असे देखणे चिरे मिळणार नाहीत, तरी मी प्रत्येकाला तिथे जायला सांगेन. इंकांच्या तिथल्या कायांबे लोकांशी झालेल्या झुंजीतले डझनाहून अधिक पुकारा, म्हणजे डोंगरी किल्ले, तिथे जवळजवळ आहेत. त्यांतल्या किटोलोमा किल्ल्याला माथ्याभोवती एकात एक तट आहेत. आधी बाहेरच्या तटाचं दार गाठा, मग आतल्याचं शोधा आणि त्या वाटेवर किती वेळ वरच्या माणसाच्या टप्प्यात राहता ते बघा.

प्रत्येक भिंत तट नसते. शेताच्या पायरीमागे वरपर्यंत माती भरलेली असते, बहुधा पाण्याचा पाटही असतो. तटाला कठडा आणि मागे उभं राहायला जागा हवी. मात्र साक्सायवामानचे तटही मागून भरलेलेच आहेत, तेव्हा एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

पाणी शेवटी पाहा, पण पाहाच. पेरूमधल्याच ओयांतायतांबो या किल्ल्यापाशी १५३७ मध्ये इंकांचा राजा मांको इंका याने नदीचं पाणी कालव्यांतून खालच्या सपाटीवर सोडलं, हुआनचा भाऊ एर्नांदो पिसारो याचे घोडे चिखलात अडले आणि त्याला माघार घ्यावी लागली. तिथे पायऱ्या चढण्याआधी ती सपाटी चालून घ्या.