अमेरिकी पेमेंट सेवा सोडून युरोपीय सेवा घेताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. आइंडहोवनच्या आमच्या छोट्या दुकानात चकलीचे डबे भरणं चालू होतं आणि त्याच सकाळी आमच्या पेमेंट सेवेनं खातं तपासणीसाठी थांबवलं. ग्राहकांचे पैसे त्यांच्याकडे जमा होत होते, आमच्या बँकेत मात्र एक युरो येत नव्हता. भाजणीवाल्याचं बिल द्यायचं होतं, कुरिअरचं द्यायचं होतं. एकाच सेवेवर सगळा भार टाकल्याचे ते दिवस मी विसरलेली नाही. त्यानंतर घाईघाईत युरोपीय पर्याय शोधले आणि त्या घाईतच पुढच्या बऱ्याच चुका झाल्या. नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियममध्ये छोटा धंदा करणारे किंवा मंडळाची वर्गणी आणि तिकिटं ऑनलाइन घेणारे आपले बरेच लोक आज त्याच वळणावर आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कंपनी बदलली म्हणजे वाट बदलली असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. पेपाल किंवा स्ट्राइप सोडून मोली किंवा अॅडियन घेतलं की आपण अमेरिकी व्यवस्थेतून बाहेर पडलो, असं मलाही वाटलं होतं. दोन्ही कंपन्या अॅमस्टरडॅमच्या आहेत. मोली २००४ची, अॅडियन २००६ची. पण ग्राहकानं मोलीच्या पानावर व्हिसाचं कार्ड घातलं, तर पैसे व्हिसाच्याच जाळ्यातून येतात. व्हिसा युरोप ही संस्था एके काळी युरोपातल्या बँकांच्या मालकीची होती. २०१६ साली ती अमेरिकेतल्या व्हिसानं विकत घेतली. मास्टरकार्डही अमेरिकी आणि अॅपल पे, गूगल पे यांच्या मागेही बहुतेक वेळा हीच कार्डं असतात.

म्हणून आधी तीन गोष्टी वेगळ्या करा: पैसे गोळा करून तुम्हाला देणारी कंपनी कोण, ग्राहक पैसे कोणत्या पद्धतीनं देतो आणि ते कोणत्या जाळ्यातून जातात. नेदरलँड्सचं आयडील, पोलंडचं ब्लिक, स्पेनचं बिझुम यांत पैसे कार्डाच्या जाळ्यातून न जाता ग्राहकाच्या बँकेतून निघतात. खरा फरक पडतो तो इथे. आमच्या दुकानात कंपनी बदलल्यावर कार्डाचा वाटा तेवढाच राहिला होता. चेकआउटच्या पानावर आयडील सगळ्यात वर आणि कार्ड खाली ठेवलं, तेव्हा कुठे तो हलला.

उलट बाजूही बघा. युरोपात पेपालशी करार होतो तो लक्झेंबर्गमधल्या त्यांच्या बँकेशी आणि स्ट्राइपशी होतो तो डब्लिनमधल्या कंपनीशी. तिथला कायदा युरोपीयच लागतो, मालकी मात्र अमेरिकेत राहते. तुम्हाला नेमकं काय टाळायचं आहे, फी, मालकी, खातं गोठण्याची भीती की माहितीचा प्रवास, ते आधी ठरवा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं.

आपल्या देशाची पद्धत सगळ्या युरोपाला चालेल असं धरणं

आयडील डच बँकांच्या ग्राहकांसाठी. ब्रसेल्सचा माणूस बँकॉन्टॅक्ट शोधतो, वॉर्साचा ब्लिक, लिस्बनचा एमबी वे. जर्मनीसाठी आम्ही गिरोपे लावलं आणि २०२४ संपता संपता ते बंदच झालं. जुन्या लेखांत आजही त्याची शिफारस दिसते. तिथे 'सोफोर्ट' ही जुनी बँक पद्धत दिसली तरी सावध व्हा, ती केव्हाच क्लार्ना या कंपनीत विरघळली आहे. आता सगळ्यांना एका छताखाली आणायचा प्रयत्न म्हणजे वेरो. युरोपातल्या बँकांनी मिळून उभं केलेलं हे वॉलेट २०२४च्या जुलैत जर्मनीत सुरू झालं, मग बेल्जियम आणि फ्रान्समध्ये आलं. वेरो चालवणाऱ्या संस्थेनं २०२३ साली आयडीलही विकत घेतलं. माझं मत विचाराल तर वेरोवर लक्ष ठेवा, पण तुमच्या ग्राहकांच्या बँका त्यात आहेत का हे पाहिल्याशिवाय बाकीच्या पद्धती काढू नका.

मागच्या वर्षाच्या ऑर्डरींमधले पत्ते देशवार मोजा. आम्ही मोजले तेव्हा कळलं की जर्मनीच्या अर्ध्या ऑर्डरी एकट्या डुसेलडॉर्फ परिसरातल्या होत्या आणि फ्रान्सच्या जेमतेम चार. चार ऑर्डरींसाठी वेगळी पद्धत लावायची गरज नव्हती.

'पैसे गेले, ऑर्डर दिसत नाही'

हा फोन तुम्हाला येणारच. उट्रेख्टच्या एका ताईंचा आला होता. अनारशांचा डबा, ३८ युरो, बँकेत कापले गेले आणि आमच्याकडे ऑर्डर 'प्रलंबित'. त्यांनी काय केलं ते एकेक पायरी विचारलं. इन्स्टाग्रामवर आमची जाहिरात दिसली, तिथूनच दुकानाचं पान उघडलं, आयडील निवडलं, बँकेचं अॅप उघडलं, मंजुरी दिली. परत येताना फोननं वेगळाच ब्राउझर उघडला. जुनं पान तसंच इन्स्टाग्रामच्या आत पडून राहिलं.

आमचं दुकान 'ग्राहक आभाराच्या पानावर आला' म्हणजे 'पैसे आले' असं समजत होतं. ही चूक फार ठिकाणी दिसते. ग्राहक परत येईल याची खात्री नसते, म्हणून पेमेंट सेवा आपल्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवते, त्याला वेबहुक म्हणतात. ऑर्डरची स्थिती त्या निरोपावर बदलायला हवी. आमच्या वेबहुकचा पत्ता जुन्या चाचणीच्या साइटचा राहिला होता, म्हणून निरोप भलतीकडेच जात होता. पत्ता बदलला आणि त्या आठवड्यातल्या अकरा अडकलेल्या ऑर्डरी हातानं जुळवल्या. तुमच्याकडे असं झालं तर ग्राहकाला पुन्हा पैसे भरायला अजिबात सांगू नका. आधी पेमेंट सेवेच्या डॅशबोर्डवर त्या रकमेचा व्यवहार शोधा.

नाव न जुळणं

९ ऑक्टोबर २०२५पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी आयबॅन (खात्याचा क्रमांक) आणि नाव जुळतं का हे दाखवावं लागतं. नेदरलँड्समध्ये ही सवय आधीपासून होती, जर्मनीतल्या लोकांना नवी आहे. साध्या बँक ट्रान्सफरनं वर्गणी घेणाऱ्या मंडळांची इथे अडचण होते. पत्रकावर मंडळाचं लाडकं नाव छापलेलं असतं, खातं नोंदणीच्या लांबलचक डच किंवा जर्मन नावानं असतं. सभासदाला 'नाव जुळत नाही' असा इशारा दिसतो आणि तो खजिनदाराला फोन करतो. उपाय सोपा आहे. पत्रकावर बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर जसंच्या तसं, रोमन लिपीत छापा.

नावाचा दुसरा फटका डायरेक्ट डेबिटमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीनं त्याच्या खात्यातून आपण पैसे ओढून घेतो तिथे, बसतो. सेपा (युरोतल्या बँक व्यवहारांची युरोपीय व्यवस्था) डायरेक्ट डेबिटनं घेतलेले पैसे ग्राहक आठ आठवड्यांत कारण न देता परत मागू शकतो आणि मंजुरीच नव्हती असं म्हणणं असेल तर १३ महिन्यांपर्यंत. आमच्या महिन्याच्या मसाल्याच्या डब्याचे पैसे एका घरानं सातव्या आठवड्यात परत घेतले. भांडण काहीच नव्हतं. बँकेच्या यादीत दुकानाचं नाव न दिसता कंपनीचं नोंदणीचं नाव दिसलं, नवऱ्याला ते ओळखू आलं नाही, त्यानं बटण दाबलं. यादीत ग्राहकाला कोणतं नाव दिसेल हे पेमेंट सेवेच्या सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी तपासा. आयडीलमध्ये अशी परत खेचण्याची सोय नाही. दुकानदाराला ते बरं, पण मग रिफंड वेळेत देण्याची जबाबदारी पूर्ण आपली.

जुनं खातं लगेच बंद करणं

पेपालवर ग्राहक १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो आणि रिफंडही साधारण तेवढेच दिवस त्याच व्यवहारातून देता येतो. म्हणून बटण काढा, खातं ठेवा. दरमहा पैसे देणाऱ्या ग्राहकांनी जुन्या सेवेला दिलेली मंजुरी आपोआप नव्या सेवेकडे येईल असंही धरू नका. आम्ही प्रत्येकाला मराठीत मेल लिहून नवी मंजुरी मागितली. महिनाभर लागला, पण एकही जण रागावला नाही.

युरोपीय म्हणजे सुरक्षितच, असं मानणं

म्युनिकजवळची वायरकार्ड जर्मनीच्या प्रमुख शेअर निर्देशांकातली कंपनी होती. २०२० साली हिशेबातले १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नाहीत असं उघड झालं आणि ती बुडाली. परवाना कोणत्या देशाच्या नियामकाचा आहे ते त्याच्या नोंदवहीत स्वतः बघा: नेदरलँड्समध्ये मध्यवर्ती बँक, जर्मनीत बाफिन. एक लाख युरोपर्यंतची ठेव हमी बँकेतल्या ठेवींना असते. पेमेंट संस्थेला ग्राहकांचे पैसे वेगळे राखावे लागतात, पण ती हमी त्यांना जशीच्या तशी लागू होत नाही. म्हणून पैसे त्यांच्याकडे साठू देऊ नका, रोजच्या रोज बँकेत वळते करा.

दोन वाटा नेहमी उघड्या ठेवा. ऑगस्ट २०२५मध्ये जर्मनीतल्या बँकांनी पेपालकडून आलेले डायरेक्ट डेबिट संशयामुळे अडवले, तेव्हा रक्कम सुमारे १० अब्ज युरो असल्याचं तिथल्या वृत्तपत्रांत आलं होतं. त्या दिवसांत ज्यांच्याकडे दुसरं बटण होतं त्यांचा धंदा चालू राहू शकला.

फीचा आकडा एकटा बघणं

बँक पद्धतींची फी बहुधा ठरावीक सेंट असते, कार्डाची टक्क्यांत. समजा ३० सेंट पडतात. ९० युरोंच्या फराळाच्या पेटीवर ते काहीच नाहीत, पण ९ युरोंच्या मेतकुटाच्या पुडीवर तीन टक्क्यांहून जास्त होतात. म्हणून आम्ही किमान ऑर्डर २० युरोंची केली. कार्डासाठी युरोपात ०.२ आणि ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे असं वाचून हुरळून जाऊ नका. ती बँकांमधल्या देवाणघेवाणीची आहे, दुकानदाराची पूर्ण फी नव्हे. कंपनीच्या नावावरची कार्डं आणि भारतातून आलेली कार्डं त्या मर्यादेत येतच नाहीत.

भारतातल्या कार्डांचं वेगळं सांगायला हवं. नाशिकहून आजी-आजोबा इथल्या नातवंडांसाठी फराळ मागवतात आणि कार्ड पुन्हा पुन्हा नाकारलं जातं. सुरुवातीला मी आमच्याच सेवेला दोष देत होते. कारण बहुतेक वेळा तिकडे असतं: रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर बंद असतो, तो ग्राहकानं स्वतः सुरू करावा लागतो. आता चेकआउटवर कार्डाच्या चौकटीखाली मराठीत लिहिलं आहे: 'कार्ड भारतातलं असेल तर आधी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करा.' शेजारी दुकानाचा नंबर दिला आहे. गेल्या दिवाळीत फोन आले ते बहुतेक करंज्यांत खवा आहे का, हे विचारायला.