बदलत्या हवामानात पाण्याचा आणि पैशाचा ताळेबंद कसा मांडावा

हवामानबदलामुळे एखाद्या प्रदेशातील पाण्याची उपलब्धता किती बदलली आणि त्याची आर्थिक झळ कोणाला बसेल, हे तपासताना वार्षिक सरासरी पावसाच्या आकड्यावर विसंबू नये. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळतो, आणि मधल्या कोरड्या खंडात तीच हवा जमिनीतला ओलावा अधिक वेगाने शोषून घेते. पावसाची वार्षिक बेरीज तेवढीच राहूनही पाणी कमी पडते ते यामुळे.

अभ्यासाचे क्षेत्र प्रशासकीय हद्दीने न ठरवता पाणलोटाने, म्हणजे ज्या भागातले पाणी एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते त्या भागाने, ठरवावे. तेथील निदान ३० वर्षांच्या दैनंदिन पर्जन्यनोंदी मिळवून त्यांचे दोन समान भाग करावेत आणि प्रत्येक भागातील पावसाचे दिवस, सर्वांत लांबलेला खंड आणि अतिवृष्टीच्या मोजक्या दिवसांत पडलेल्या पावसाचा वाटा, एवढे तीनच आकडे काढावेत. १ हेक्टरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस दहा दिवसांत रिमझिम पडला तर या १,००० घनमीटरांतले बरेचसे पाणी जमिनीत मुरते. तोच दोन तासांत कोसळला तर मोठा भाग माती घेऊन वाहून जातो. नोंदवहीत मात्र दोन्हीकडे १०० असेच लिहिलेले असते.

भूजलाचे खाते वेगळे ठेवावे, कारण टंचाईचा पहिला खर्च तेथे विजेच्या बिलात दडतो. १ घनमीटर पाणी १०० मीटर वर उचलायला किमान ०.२७ युनिट वीज लागते आणि प्रत्यक्ष पंपाला त्याहून बरीच अधिक. पातळी दुप्पट खोल गेली की हा खर्चही दुप्पट होतो.

पैशाचा हिशेब करताना पाणीपट्टीलाच पाण्याची किंमत समजण्याची चूक बरेच जण करतात. पाणी न मिळाल्यास काय थांबेल, हा खरा प्रश्न आहे. जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला लागते, म्हणून सुरुवात तेथूनच करावी, पण वाहतूक आणि वीजनिर्मिती विसरू नये. २०२२ मध्ये युरोपातील ऱ्हाईन नदीची पातळी घसरल्यावर मालवाहू जहाजांना क्षमतेपेक्षा बराच कमी माल भरावा लागला. पनामा कालव्यातून एरवी दिवसाला सुमारे ३६ जहाजे जातात. २०२३ च्या अखेरीस कालव्याला पाणी पुरवणाऱ्या तलावात पावसाअभावी तूट आल्याने ही संख्या २५ च्याही खाली आणावी लागली. अर्थात, पनामातील त्या तुटीमागे एल निनोचा (प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याच्या नैसर्गिक घटनेचा) वाटा मोठा होता, तेव्हा प्रत्येक दुष्काळ हवामानबदलाच्या खात्यावर टाकू नये.

यानंतर सलग दोन कोरडी वर्षे गृहीत धरून हाच ताळेबंद महिनावार पुन्हा मांडावा. पहिल्या वर्षाची तूट साठ्यातून भागते. दुसऱ्या वर्षी साठा आधीच तळाला गेलेला असतो, आणि कोणत्या महिन्यात कोणाचे पाणी तोडावे लागेल हे त्या तक्त्यात दिसू लागते.