शनिवार, तिथी आणि खारा वारा: मुंबई बंदरात शिडाची होडी चालवायला वेळ कसा काढावा

मुंबईत शिडाची होडी चालवणाऱ्या नोकरदारांची तक्रार ठरलेली असते. सुट्टी असते तेव्हा वारा पडलेला, वारा असतो तेव्हा आपण ऑफिसात. तक्रार खरी आहे, पण बऱ्याच सहली बुडतात त्या शुक्रवारी रात्री 'उद्या बघू' म्हटल्यामुळे. मुंबई बंदरात दोन गोष्टी बऱ्यापैकी नेमाने येतात, भरती आणि दुपारचा खारा वारा. भरती तर सहा महिने आधी सांगता येते. म्हणून शनिवार-रविवार हंगामाच्या सुरुवातीलाच निवडून ठेवायचे आणि वाऱ्याचा निर्णय फक्त आदल्या दिवशी घ्यायचा.

आधी हंगाम मोजू. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, पावसाळ्यात गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याच्या लाँचही थांबतात. नारळी पौर्णिमेला कोळी दर्या खुला मानतात, पण छोट्या हौशी होडीने ऑक्टोबरपर्यंत थांबलेलं बरं. १ ऑक्टोबर ते २० मे धरले तर साधारण ३३ आठवडे हातात येतात. दिवाळी, लग्नं, मुलांच्या परीक्षा आणि पाहुणे वजा जाता वीसेक उरतात. हे वीस दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून घरात सांगून टाका. घरच्यांना तारीख महिनाभर आधी कळली तर फारसं कोणी अडवत नाही. अडचण येते ती सकाळी सातला अचानक निघण्याची.

कोणते शनिवार निवडायचे, ते भरती ठरवते. कोकणात आणि मुंबईत जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच. त्यात सव्वा सहा तास मिळवले की ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरवरून महिन्याचा आराखडा काढायला हे पुरतं. यात अर्धा-पाऊण तासाची चूक असू शकते, म्हणून प्रत्यक्ष निघताना अपोलो बंदरासाठीचं छापील किंवा ऑनलाइन भरतीचं कोष्टक पाहा.

या हिशोबातून एक उपयोगी गोष्ट निघते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. या शनिवारी दुपारी बाराला भरती असेल तर पुढच्या शनिवारी दुपारी बाराला ओहोटी असणार आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा भरती. पंधरवड्यामागे ही वेळ सुमारे ४० मिनिटं आधी येत जाते, त्यामुळे चारेक महिन्यांत दोन्ही प्रकारच्या शनिवारांची अदलाबदल होते. म्हणून कॅलेंडरवर दोन रंग वापरा. दुपारी भरती असलेले दिवस एका रंगात, दुपारी ओहोटी असलेले दुसऱ्या. मुंबईत दुपारची भरती म्हणजे उधाण (पाण्याची चढ-उतार मोठी) आणि दुपारची ओहोटी म्हणजे भांग (चढ-उतार लहान), हे जोडून येतं.

हा फरक मोठा आहे. उधाणात पाणी सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढतं आणि पाऊण मीटरपर्यंत उतरतं. भांगात ते ३.३ आणि १.९ मीटरच्या दरम्यानच हलतं. उधाणाच्या ओहोटीला बंदरात दोन-तीन नॉटचा (एक नॉट म्हणजे तासाला एक नाविक मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) ओढ असतो, तर साधी होडी चांगल्या वाऱ्यात चार-पाच नॉटने जाते. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं, म्हणून ओढाचा खरा जोर तिथे. पहिल्या आणि शेवटच्या तासात बाराव्या हिश्शाइतकंच पाणी हलतं.

आता वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई येते, पूर्वेची किंवा ईशान्येची, बहुधा पाच ते आठ नॉट. दहा-अकराला ती पडते. मग अर्धा-एक तास पाणी काचेसारखं होतं. नवखे नेमके याच वेळी 'आज वारा नाही' म्हणून शीड उतरवतात. थांबा. पश्चिमेला पाण्यावर गडद पट्टा दिसू लागला की खारा वारा येतोय. तो वायव्येकडून येतो, तीन ते पाच या वेळात सर्वांत भरीव असतो आणि सूर्यास्ताबरोबर झपाट्याने ओसरतो. डिसेंबरात सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास मावळतो, मेअखेर सात-दहाला. तासाभराचा हा फरक नोकरदारासाठी फार मोलाचा आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस जमिनीवरचा कोरडा पूर्वेचा वारा जोरात असतो आणि खाऱ्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. याच दिवशी मुंबईचा पारा ३७-३८ वर जातो आणि कुलाबा वेधशाळा 'खारे वारे उशिरा सुरू झाले' असं कारण देते. सकाळी नऊलाच पूर्वेकडून दहा नॉटपेक्षा जास्त गरम वारा असेल तर दुपारी दोन-तीनपर्यंत वारा गोंधळलेला राहील असं धरा आणि निघणं तीनवर ढकला. उलट, सकाळी मतलई मंद, आकाश मोकळं आणि ऊन चढतंय, तर बारा-साडेबाराला वारा हमखास.

महिन्यांचं म्हणाल तर ऑक्टोबर मंद आणि उकाड्याचा असतो. त्या दिवसांत दुपारनंतर पूर्वेकडे सह्याद्रीवर ढगांचे डोंगर उभे राहिले तर परत फिरा, कारण त्यांच्या पुढून सुटणारा झोत पाच मिनिटांत ३० नॉटच्या पुढे जाऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असतं, त्यात मोठी जहाजं उशिरा दिसतात. शिकणाऱ्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. हात बसलेल्याला मार्च-एप्रिल, कारण तेव्हा १० ते १५ नॉट वायव्य वारा बहुतेक दुपारी मिळतो. मेमध्ये वारा पश्चिमेकडे सरकतो आणि बाहेरून लांब लाटा येऊ लागतात. ओहोटीचं पाणी त्यांच्यावर आदळतं तेव्हा प्राँग्ज दीपस्तंभाच्या आसपास आखूड, उभ्या लाटा उठतात. छोट्या होडीने तिथे जाऊ नये.

अंदाज कसा पाहायचा? हंगामात वेधशाळेचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज बघायची सवय ठेवा. अरबी समुद्रात वादळं मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात: ११ नोव्हेंबर २००९ चं फयान, ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी आली की त्या शनिवारची खूण खोडा, मुंबईत ऊन असलं तरी. वादळ शेकडो मैल दूर असतानाही त्याच्या लाटा आधी पोचतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर पुढचा विचारच नको.

वाऱ्याच्या ॲपमधला आकडा खाऱ्या वाऱ्यासाठी जसाच्या तसा घेऊ नका. ती गणितं नऊ ते पंचवीस किलोमीटरच्या चौकोनांवर चालतात आणि कुलाब्याची जमीन त्यात नीट मावतही नाही. दोन वेगवेगळे अंदाज शुक्रवारी संध्याकाळी पाहा. दोघांत दिशा सारखी असेल तर भरवसा ठेवा. एक वायव्य आणि दुसरा ईशान्य दाखवत असेल तर खारा वारा उशिरा येणार असं समजा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १० नॉटवरून १४ नॉटला शिडावरचा दाब दुप्पट होतो. दोन माणसांच्या लहान होडीत नवख्याने १२ नॉटला थांबावं. पाण्यावर सगळीकडे पांढरे फेस दिसत असतील तर वारा त्या पलीकडे गेलेला असतो.

एक स्थानिक बारकावा. गेटवेसमोरच्या पाण्यात वायव्य वारा कुलाब्याच्या इमारतींवरून घसरून येतो. किनाऱ्यापासून पहिला अर्धा मैल तो कधी पडतो, कधी फटका मारतो. तिथल्या वाऱ्यावरून शिडाचा निर्णय घेऊ नका. रीफ घ्यायचा (शीड आखूड करायचं) असेल तर तो काठावरच घ्या, बाहेर गेल्यावर सोडणं सोपं असतं.

भरती आणि वारा एकत्र बसवल्यावर कुठे जायचं ते आपोआप ठरतं. दुपारी भरती असलेल्या दिवशी घारापुरीकडे जा. अंतर पाच-सहा नाविक मैल. अकराच्या सुमारास शेवटच्या भरतीबरोबर निघा, वारा डाव्या कुशीवर येईल, बाराच्या पुढे-मागे पाणी थांबेल आणि ओहोटी सुरू होताच ती तुम्हाला परत आणेल. वाटेत जहाजांचा खोल मार्ग काटकोनात ओलांडा, तिरपा नाही. मोठं जहाज तिथे वळू शकत नाही. जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्यांपासून आणि तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) किनाऱ्यापासून लांब राहा. साडेचारच्या आत परत या, कारण उधाणाच्या संध्याकाळी सहाला पाणी खूप उतरलेलं असतं आणि होडी चढवायच्या उतारापुढे नुसता चिखल असतो. तुमचा उतार किती मीटर पाण्यापर्यंत चालतो ते एकदा कोष्टक हातात धरून पाहा आणि तो आकडा कॅलेंडरवर लिहा.

दुपारी ओहोटी असलेल्या भांगाच्या दिवशी मांडव्याच्या दिशेला जा. गेटवेपासून सरळ रेषेत सात-साडेसात मैल. याच सहलीत सर्वांत जास्त लोक फसतात. जाताना वायव्य वारा जवळजवळ पाठीवर असतो, होडी सुरेख पळते, वारा अंगाला कमीच जाणवतो आणि आपण खूप पुढे जातो. येताना मात्र तोच वारा समोरून. टॅक घेत, म्हणजे वाऱ्याला तिरपं नागमोडी, यावं लागतं, आणि चार नॉटने चालणारी होडी घराच्या दिशेने तासाला जेमतेम पावणेतीन मैल सरकते. भांगाच्या दिवशी दुपारनंतर भरतीचं एक नॉट पाणी पाठीशी असतं, त्यामुळे परतीला दोन तास पुरतात. हीच सहल उधाणाच्या दिवशी केली तर ओहोटीचं दोन नॉट पाणी विरुद्ध आणि तुम्ही जवळजवळ जागच्या जागी. म्हणून नियम असा ठेवा: मांडवा फक्त भांगाला, आणि कुठेही पोचला असाल तरी तीनला होडी फिरवायची. सूर्यास्ताला वारा पडतो, तेव्हा तुम्ही बंदरात असायला हवं.

वेळेचा हिशोब प्रामाणिकपणे करा. डोलकाठी उभी करणं, मेनसेल (मोठं शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड) लावणं, शीट (शिडाचे दोर) ओवणं, सुकाणू बसवणं यात एकट्याला ४० मिनिटं जातात. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आणि शीड वाळवून घडी करणं यात तेवढीच. पाण्यावर दोन तास हवे असतील तर एकूण साडेतीन तास लागतात, प्रवास वेगळा. ही ४० मिनिटं कमी करणं शक्य आहे. डोलकाठी हंगामभर उभी ठेवा, शीटच्या लांबीवर रंगीत धाग्याने खुणा करा, शॅकल, पिना, टेप आणि पक्कड एकाच डब्यात ठेवा. पिशवी गुरुवारीच भरा: लाइफ जॅकेट, शिटी, माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पाण्याची पिशवी लावलेला फोन, वल्हं आणि दहा मीटर दोर. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये आधीच हवा.

होडी एकट्याने घेण्यापेक्षा तिघांत घ्या. एकाला जमलं नाही तरी दोघे निघतात, आणि डागडुजीचा वेळही वाटला जातो. मार्च ते मेमध्ये आठवड्यातल्या एका संध्याकाळी साडेचारला निघता आलं तर दीड तास चांगला वारा मिळतो. त्यात लांब जायचं नाही, गेटवेसमोर तीन बोयांभोवती फेऱ्या मारायच्या. शनिवारच्या सहा तासांच्या सहलीपेक्षा टॅक आणि जाइब (वारा पाठीवर असताना शीड दुसऱ्या बाजूला घेणं) यातच लवकर सुधारतात. पावसाळ्यात हात सुटू नये असं वाटत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये हैदराबादच्या हुसेन सागरावर लेझर या एकट्याने चालवायच्या छोट्या होड्यांच्या शर्यती होतात. तिथे पावसाळी वारा चांगला मिळतो आणि भरतीची भानगड नाही.

शेवटी एक वही. प्रत्येक सहलीनंतर पाच गोष्टी लिहा: तिथी, शुक्रवारी अंदाजात दिसलेला वारा, खारा वारा प्रत्यक्षात किती वाजता सुरू झाला, चारला किती होता, आणि उतारावर परतताना पाणी कुठे होतं. दहा नोंदी झाल्या की तुमच्या ॲपचा आकडा मार्चमध्ये तीन नॉटने कमी असतो की जानेवारीत दोनने जास्त, हे दिसू लागेल, आणि पुढच्या ऑक्टोबरात खुणा करताना ती वहीच उघडाल.