अकरा तालुके, एक मॉडेल: क्यूजीआयएसमध्ये तालुकावार जमीन मोजताना

सांगोल्याच्या एका डाळिंब बागायतदारानं माझी चूक पकडली, तेव्हापासून मी क्षेत्रफळ नीट मोजायला लागले. बागायतदारांच्या गटाच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लावला होता. त्यांनी आपली बाग शोधली, आकडा वाचला आणि म्हणाले, "ताई, माझ्या सातबाऱ्यावर दोन हेक्टर हाय. हे वरचे वीस आर कुठनं आले?"

सोलापुरात होटगी रोडला घरी येऊन रात्रीच क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासलं. सगळ्यात आधी उपग्रहाचं चित्र उघडलं होतं, त्यामुळे प्रोजेक्ट वेब मर्केटरवर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या एका पद्धतीवर (प्रक्षेपणावर) गेला होता आणि बागाही मी त्यातच आखून सेव्ह केल्या होत्या. विषुववृत्तापासून लांब जावं तसं हे प्रक्षेपण जमीन ताणतं. आपल्या साडेसतरा-अठरा अक्षांशावर क्षेत्रफळ दहा टक्क्यांच्या आसपास फुगतं. सगळ्या गटाचे आकडे तसेच गेले होते. दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करून दुरुस्त यादी दिली.

आता सोलापूर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत कुठल्या वापराखाली किती जमीन आहे, हे एकाच मॉडेलनं, म्हणजे एकदा रचून पुन्हा पुन्हा चालवता येणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीनं मोजू. तेव्हा पहिलं काम हे. तालुक्यांच्या हद्दी आणि जमीन-वापर (शेत, पाणी असे वर्ग), नकाशाचे हे दोन्ही लेयर 'रिप्रोजेक्ट'नं यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात आणा; यादीत त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. या पट्ट्याची मधली रेषा ७५ अंश रेखांश, ती आपल्या जिल्ह्यातूनच जाते, त्यामुळे माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत चूक ०.१ टक्क्याच्याही आत राहते. मग दोन्हींवर आकारांतले दोष काढणारं 'फिक्स जॉमेट्रीज' चालवा. स्वतःलाच छेदणारा एखादा बहुभुज राहिला तर मॉडेलची फेरी मध्येच अडते. ही दोन्ही कामं मॉडेलच्या बाहेर करा. तालुका बदलला म्हणून जे बदलत नाही, ते अकरा वेळा कशाला करायचं?

आता मॉडेल डिझायनर उघडा. इनपुट दोन: तालुके आणि जमीन-वापर. पुढे तीनच पायऱ्या: दोन्ही लेयरचा सामाईक भाग कापणारं 'इंटरसेक्शन', जमीन-वापराच्या संकेतांकावर एका वर्गाचे तुकडे एकत्र करणारं 'डिझॉल्व्ह' आणि शेवटी 'फील्ड कॅल्क्युलेटर'. बरेच जण इथं 'क्लिप' घेतात. क्लिपनं तुकडा बरोबर कापला जातो, पण तालुक्याचं नाव त्यात उतरत नाही. फेऱ्यांतून निघालेल्या फाइलींना नुसते क्रमांक लागतात, म्हणजे मोहोळ कुठला आणि माढा कुठला हे नंतर ओळखायला काही राहत नाही. इंटरसेक्शन तालुक्याचं नाव आणि त्याचा जनगणनेचा संकेतांक दोन्ही सोबत आणतं. पुढे दुसऱ्या तक्त्याशी जोडणी मात्र या संकेतांकावर करा, नावावर नको. मंगळवेढा रोमन अक्षरांत कुणी 'व्ही'नं लिहितं, कुणी 'डब्ल्यू'नं, आणि तेवढ्यावर अख्खा तालुका तक्त्यातून गळतो.

कॅल्क्युलेटरमध्ये भूमितीवर चालणारं 'एरिया' फंक्शन घ्या आणि १०००० नं भागा, हेक्टर मिळतात. डॉलर चिन्हाचं 'एरिया' प्रोजेक्टच्या सेटिंगमधला एलिप्सॉइड (पृथ्वीचा मानलेला आकार) आणि एकक पाहून उत्तर देतं. ते चुकीचं नाही, पण दुसऱ्याच्या संगणकावर सेटिंग वेगळी असली तर आकडाही वेगळा येतो. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर पिक्सेलवरून केलेला जमीन-वापर असेल तर एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, बरोबर एक आर. सातबाऱ्याशी ताडायला हे फार सोयीचं. गुंठा त्याहून किंचित मोठा, १०१.१७ चौरस मीटर.

मॉडेल सेव्ह करा आणि आधी एकटा उत्तर सोलापूर निवडून चालवा. आकार लहान, चूक लगेच दिसते. तो जमला की मॉडेल पुन्हा उघडा, तालुक्यांच्या इनपुटशेजारचं फिरत्या बाणांचं बटण दाबा आणि चालवा. प्रत्येक तालुक्याची वेगळी फेरी होते. निघालेले अकरा लेयर 'मर्ज'नं एकत्र करा. अकरासाठी फेऱ्या न लावताही भागतं, तालुका आणि जमीन-वापराचा संकेतांक दोन्हींवर डिझॉल्व्ह केलं की झालं. पण हेच मॉडेल जिल्ह्यातल्या हजारावर गावांवर लावाल तेव्हा नेमकं कुठलं गाव अडलं ते फेऱ्यांमुळेच कळतं.

आकडे हातात आले की लगेच पुढे पाठवू नका. प्रत्येक तालुक्यातल्या सगळ्या वर्गांची, पाण्यासकट, बेरीज करा आणि हद्दीच्या बहुभुजाच्या क्षेत्रफळाशी लावून बघा. बेरीज जास्त आली तर जमीन-वापराचे बहुभुज एकमेकांवर चढलेत, कमी आली तर मध्ये फटी आहेत. जिल्ह्याचं नोंदलेलं क्षेत्र १४,८९५ चौरस किलोमीटर. तुमची बेरीज त्याच्या जवळ यायला हवी, तंतोतंत जुळवायला जाऊ नका.

नुसती जमीन हवी तर पाण्याचा वर्ग वजा करायचा, आणि खरी परीक्षा इथं आहे. करमाळा आणि इंदापूर यांची हद्द भीमेच्या पात्रातून जाते, आणि ते पात्र आता उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. ऑक्टोबरच्या चित्रात पाणी काठोकाठ दिसतं. उन्हाळ्यात ते ओसरलं की पलीकडं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि अलीकडं गाळपेर जमीन. तीच जागा एका चित्रात पाणी, दुसऱ्यात शेत. म्हणून वरच्या दोन इनपुटांखेरीज चित्राची तारीख हा रकानाही मी माझ्या मॉडेलमध्ये घातलाय, दर वेळी चालवताना ती भरावीच लागते. करमाळ्याचा आकडा मागणाऱ्याला मी आधी विचारते, कुठल्या महिन्याचा देऊ?